दिवे उतरवा : एलईडी नौकेच्या मालकांस अनावृत पत्र

नौकामालक महोदय,


तुमचे नाव मला ठाऊक नाही आणि या पत्रासाठी त्याची गरजही नाही. अमावास्येच्या मागच्यापुढच्या रात्री कोकणच्या किनाऱ्यावरून समुद्रात जो पांढराशुभ्र उजेड दिसतो, त्या उजेडाच्या मालकाला हे पत्र आहे. तुमची नौका मिरकरवाड्याची असेल, हर्णैची असेल, देवगड-मालवणची असेल. तुम्ही दर्यावर्दी घरातले असाल किंवा मासळीच्या धंद्यात पैसा घालणारे व्यापारी असाल. मी मासे खाणाऱ्यांपैकी एक आहे आणि माझ्या ताटातला बांगडा कुणाच्या जाळ्यातून आला, हे विचारण्याचा हक्क मला आहे असे मानतो.

दिव्यांवरची मासेमारी कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको. पण पत्र उघडे आहे, आणि ते वाचणाऱ्या पुष्कळांनी मासा फक्त टोपलीतच पाहिलेला असतो. नौकेवर जनरेटर चालतो. काही दिवे पाण्यावर रोखलेले असतात, काही पाण्यात सोडलेले. उजेडाकडे आधी सूक्ष्म जीव गोळा होतात, त्यांच्यामागे लहान मासळी आणि तिच्यामागे मोठी. म्हाकूल तर दिव्याकडे धावच घेते. बराच वेळ थांबून गर्दी जमली की तिच्याभोवती पर्ससीनचे जाळे टाकायचे. वर बोये, खाली कड्या, कड्यांतून ओवलेला दोर. दोर ओढला की जाळ्याचा तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळला जातो. आत जे होते ते सगळे वर येते. अंडी धरलेली मादी येते आणि या वर्षीच जन्मलेले पिल्लूही येते.

दिवे नव्हते तेव्हा तांडेलाला, म्हणजे नौकेच्या म्होरक्याला, थवा शोधावा लागे. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी, काळोख्या रात्री मासळी हलली की पाण्यात उठणारी चमक, यांवरून तो थवा ओळखत असे. कधी साधे, कधी साधत नसे. रिकाम्या हाताने परतण्याच्या रात्री प्रत्येक नौकेच्या वाट्याला येत. त्या रात्री मच्छीमाराच्या तोट्याच्या, पण समुद्राच्या फायद्याच्या होत्या. थवा सुटला म्हणजे तो अंडी घालायला मोकळा राहिला. कोणताही कायदा नसताना पिढ्यान् पिढ्या मासळी टिकली ती अशा सुटलेल्या थव्यांमुळे. तुमच्या दिव्यांनी नेमकी ही रिकामी रात्र संपवली. माझी तुमच्याविरुद्धची खरी तक्रार हीच आहे. तुम्ही जास्त मासे पकडता एवढेच असते तर मी पत्र लिहिले नसते. माशाला निसटायला जी फट होती ती तुम्ही बुजवून टाकलीत.

आता किनाऱ्याकडे या. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या पट्ट्यात अजून रापण ओढली जाते. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोलात टाकतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. गाबित मच्छीमारांच्या वाडीतला म्हातारा माणूसही दोराला हात लावतो. मासळी वाळूत आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. ज्याने नुसता हात लावला त्यालाही कालवणापुरते मिळते. कर्ज काढून लाखोंचे इंजिन घेण्याची ऐपत नसलेल्या घरांना समुद्राने इतकी वर्षे जगवले ते अशा पद्धतीने. रापण काही समुद्रात पाठलाग करत जात नाही. ती थांबते आणि मासळीने किनाऱ्याजवळ यावे अशी वाट पाहते. तुम्ही ती मासळी बाहेरच दिव्याखाली थोपवून धरता, तेव्हा रापणीचे दोर ओढणाऱ्या पन्नास माणसांच्या हातात रिकामे जाळे येते. त्यांच्यातल्या कुणाशीही तुमचे भांडण नव्हते, तरी त्यांच्या घरात चूल कशावर पेटायची याचा निर्णय तुमच्या जनरेटरने घेतला. समुद्रात होणाऱ्या अडवाअडवीच्या, नौका धरून बंदरात आणण्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. त्या बातम्यांत दोन्ही बाजूंना किनाऱ्याचीच माणसे असतात, याचे मला फार वाईट वाटते.

कायद्याविषयी तुम्ही म्हणता, ‘आम्ही बारा सागरी मैलांच्या बाहेर मासे मारतो, तिथे राज्याचा कायदा नाही.’ हा युक्तिवाद टिकत नाही. बारा मैलांपर्यंत राज्याचा अधिकार चालतो आणि १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा तिथे आहे. त्यापलीकडच्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रातही केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी आणि तशा कृत्रिम दिव्यांवरच्या मासेमारीला बंदी घातली. म्हणजे दोनशे मैलांपर्यंत तुमच्या दिव्यांना वैध जागाच उरलेली नाही. राज्याने २०२१ मध्ये आपला कायदा कडक केला. एलईडीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आला. त्याआधी पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन नौकांचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले, झाईपासून मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात पर्ससीन वर्ज्य झाले आणि इतरत्र त्या मासेमारीला चारच महिने, सप्टेंबर ते डिसेंबर, मिळाले. तरीही काही नौका दिवे लावतात, गस्ती नौका दिसली की विझवतात. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही फिरू लागले आहेत. पकडले जाण्याची शक्यता वाढली, हे खरे. पण दंडाच्या भीतीने दिवे विझावेत एवढ्यावर मी समाधानी नाही. भीती ओसरली की ते पुन्हा लागतात.

तुमची बाजू मी ऐकली आहे, आणि तिच्यात खरे पुष्कळ आहे. नौकेवर कर्ज आहे. डिझेल, बर्फ, जाळे यांचा खर्च दरवर्षी चढतो. खलाशी मिळत नाहीत, नेपाळहून माणसे आणावी लागतात, त्यांना आगाऊ उचल द्यावी लागते. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आपल्या हद्दीत शिरून तळ खरवडून नेतात, तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही, ही तुमची चीड रास्त आहे. त्या ट्रॉलरवर कारवाईची मागणी करायला तुमच्या शेजारी उभे राहायला मी तयार आहे. पण ते चोरतात म्हणून मी चोरतो, हे उत्तर नाही. उलट कर्ज फेडायचे असेल तर पाच-सात वर्षांनी समुद्रात मासळी शिल्लक असावी लागेल, हे बँकेच्या हिशेबापेक्षा तुम्हालाच अधिक कळते.

शिल्लक किती आहे याचा अंदाज घ्यायचा तर केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात उतरलेली सागरी मासळी २०१८ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार टन होती, २०१९ मध्ये ती सुमारे २ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे आली, नौका कित्येक दिवस बंदरातच राहिल्या, त्यामुळे सगळा दोष कुणा एकावर टाकणे अन्यायाचे होईल. वादळे आपल्या हातात नाहीत. पण समुद्र आधीच अशक्त असेल तर एका वादळी वर्षात तो किती खाली जातो, हे त्या वर्षाने दाखवले.

त्यानंतर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केले, आणि ती मागणी पालघरच्या सातपाटीच्या मच्छीमारांची होती. ज्यांचे पोट पापलेटवर आहे, त्यांनीच त्याच्या पिल्लांसाठी आवाज उठवला. दिव्याखाली जमलेल्या गर्दीत मात्र १३५ मिलिमीटरचा हिशेब राहत नाही. जाळे आवळल्यावर लहान मासा वेगळा काढून जिवंत परत सोडणे जवळजवळ अशक्य असते. मग तो बाजारात मातीमोल भावाने जातो, नाहीतर फिशमील कारखान्यात दळला जातो. एक वर्ष थांबलो असतो तर त्याच माशाने किती पैसे दिले असते, याचे गणित तुम्ही घरी कागदावर मांडून बघाच.

आणखी एक गोष्ट सांगतो. २०१८ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून एक योजना चालवतात. ऑलिव्ह रिडले कासव, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) असे संरक्षित प्राणी जाळ्यात अडकले आणि मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापून त्यांना सोडले, तर त्याला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. जाळे कापताना किती कष्टाचा माल वाया जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि भरपाई काही त्याच संध्याकाळी हातात पडत नाही. तरी छोट्या होडीतली माणसे कासवासाठी जाळे कापतात. तुमच्याकडे मोठी नौका आहे, फिशफाइंडर आहे, भांडवल आहे. तुमच्याकडून मी जाळे कापण्याची अपेक्षा करत नाही. फक्त दिवे उतरवा.

१ जून ते ३१ जुलै नौका बंदरात असतात. या दोन महिन्यांत दिवे आणि त्यांच्यासाठी बसवलेला जनरेटर खाली काढा. तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत उभे राहून सांगा की या हंगामात माझ्या नौकेवर दिवे नसतील, आणि इतरांकडूनही तसे लिहून घ्या. एकट्याने थांबले तर तोटा एकट्याचा होतो, ही तुमची भीती खोटी नाही, म्हणून बंदरातल्या सगळ्या मालकांनी एकाच दिवशी थांबायला हवे. कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ मागा, त्यासाठी निवेदन लिहायला, मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करायला आमच्यासारख्यांना हाक मारा. आम्ही ग्राहकही लहान सुरमई आणि कोवळे पापलेट हातात घेणार नाही, हे कोळणीला सांगायला लागलो आहोत. जुलैअखेरीस परवाना अधिकाऱ्याला तुम्ही होऊन बोलवा आणि नौका तपासून घ्या. सप्टेंबरमध्ये पहिल्या फेरीचा माल उतरेल तेव्हा मी धक्क्यावर येईन, आणि तुमच्या नौकेचा मासा बाजारभावापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घेईन.

कळावे,
किनाऱ्यावरचा एक मासे खाणारा