गो, वेंट, गॉन

सातवीच्या वर्गात क्रियापदांची तीन रूपं पाठ करून घेत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, वॉक-वॉक्ड, प्ले-प्लेड, मग गो-गोएड का नाही? वेंट कुठून आलं?" 'अपवाद आहे, पाठ कर' असं सांगणं माझ्या जिवावर आलं, कारण या रूपामागची हकिगत मला फार आवडते.

फळ्यावर लिहिलं: सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट. खाली 'वेंट' लिहून त्याच्याआधीची जागा मोकळी सोडली. मागच्या बाकावरून आवाज आला, "वेंड!"

अगदी बरोबर. वेंड हे खरंखुरं क्रियापद. मूळ अर्थ वळणं, वळवणं. मग वाट धरणं, जाणं. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ होता 'एओडे', तोही दुसऱ्याच धातूचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो मागे पडला आणि वेंडचा वेंट त्याच्या जागी कायमचा येऊन बसला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र गोपासूनच घडवलेलं 'गेड' टिकलं. वेंडला पुढे 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला, आणि आज ते बिचारं वाट चालण्याच्या एका वाक्प्रचारापुरतं उरलंय. मला त्याच्याबद्दल माया वाटते.

"मराठीत असलं काही नसतं," एक जण ठामपणे म्हणाला.

"चाल-चालला, बस-बसला. जाचं काय?"

"गेला..." आणि एकदम गलका झाला. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आलं गम् धातूच्या 'गत'पासून. आपलंही क्रियापद दोन धातूंनी मिळून उभं आहे.

जी क्रियापदं सतत तोंडी असतात, त्यांची वेडीवाकडी रूपं मूल ऐकूनच उचलतं, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्या मानाने कमी लागणारी नियमाच्या वळणाला जातात. हेल्पचा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आता हेल्प्ड.

तास संपला तरी ती मुलगी टेबलापाशी आली. "मग बाई, ॲम, इज, बी, वॉज?" तिथे तर तीन धातू एकत्र नांदतात, आणि तिन्ही आपल्या नात्यातले: ॲम आणि इज संस्कृत 'अस्'चे सगोत्र, बी 'भू'चं, आणि वॉज त्या 'वस्'चं, ज्याच्यापासून आपला 'वास' आणि 'निवास' आला. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती; तिने डबा बाजूला ठेवून हे सगळं वहीत उतरवून घेतलं.