टोपली, पात्र आणि गाडगे

माणसाच्या पाठीवर काय आहे ते पाहून त्याची किंमत करायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पोते असले तर हमाल, दप्तर असले तर पोरगा. साठी ओलांडलेल्या पेन्शनर मास्तराच्या पाठीवर थैली दिसली की मात्र अमरावतीसारख्या शहरातही लोक थांबून पाहतात. "काय मास्तर, पुन्हा शायेत नाव घातलं काय?" शेजारच्या बापूंनी कुंपणापलीकडून विचारले. मी म्हटले, "हो बापू. शाळा जरा लांब आहे. लाओस देशात."

हा देश कोठे आला हे बापूंना ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचे काही उणे नव्हते. थायलंड आणि व्हिएतनाम या दोन गाजलेल्या देशांच्या मध्ये तो अंग चोरून बसला आहे. समुद्र त्याच्या वाट्याला आलेला नाही. वस्ती पाऊण कोटीच्या आसपास, आणि त्यातले सुमारे दोनतृतीयांश लोक बौद्ध. थैली पाठीवर टाकायची, स्वस्त खोलीत राहायचे, मिळेल त्या वाहनाने पुढे सरकायचे, अशी जगभरची तरुण मंडळी तिथे हिंडत असतात. त्यांच्यात एक पिकल्या केसांचा वऱ्हाडी मिसळला तर कोणाचे काय बिघडणार होते?

थायलंडच्या सरहद्दीवरील ह्वाय साय या गावी मी मेकाँग नदीतली लांबट लाकडी बोट धरली. लुआंग प्राबांगला पोहोचायला ती दोन दिवस घेते. मधली रात्र पाकबेंग नावाच्या खेड्यात काढायची. २०२१ च्या डिसेंबरपासून त्या देशात चीनपर्यंत जाणारी वेगवान आगगाडी सुरू झाली आहे. पण मूर्तिजापूरच्या शकुंतलेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला सावकाशीचे भय कसले? काठाकाठाने खेडी येत, दोन बाया उतरत, एक तांदळाचे पोते चढे. कोणी आवाज चढवून बोलत नसे. आमच्याकडे एस. टी. त चढताना जेवढा गलबला होतो, तेवढा त्या दोन दिवसांत मिळूनही झाला नाही.

ही शांतता सुखवस्तू माणसाची मात्र नव्हे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या लहानशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले न फुटलेले गोळे अजून शेतांत निघतात, आणि माती उकरणाऱ्याचा हातपाय घेऊन जातात. एवढे सोसलेली माणसे हळू बोलतात, तेव्हा आपणही आपोआप हळू बोलू लागतो.

लुआंग प्राबांग हे जुन्या राजांचे गाव. तिथे पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात. या रीतीला 'ताक बात' म्हणतात. त्यातला 'बात' म्हणजे आपलाच 'पात्र' शब्द, प्रवासात झिजलेला. दुसऱ्या दिवशी अंधारातच मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. बायका चपला काढून, खांद्यावरून उपरणे घेऊन, ओळीने गुडघे टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे वेताच्या डब्यात वाफाळणारा चिकट भात. मग भगव्या चीवरांची रांग आली, अनवाणी. थोरला पुढे आणि बारा-तेरा वर्षांची पोरे मागे. ना मागणे, ना आशीर्वाद, ना आभार. झाकण उघडे, मुठीएवढा भात पात्रात पडे, रांग पुढे सरके. देणारी खाली आणि घेणारा वर!

हे पाहून माझ्या पोटात कालवले. वाचकहो, त्याचे कारण सांगितले पाहिजे.

आमचे गाव अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरच्या बाजूचे. आमच्या घराण्याकडे गावकीची कामे होती : सांगावे नेणे, रात्री जागणे, मेलेले ढोर ओढणे. त्याबद्दल संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ते काम घरच्या बायकांकडे. आजी टोपली घेऊन जाई, आणि धाकटी पोर म्हणून माझी आत्या तिच्या पदराला धरून. दारापासून चार हात दूर उभे राहायचे, हाळी द्यायची. मग भाकरी वरून टोपलीत पडे. वरून, कारण टोपलीला हात लागता कामा नये. आजी म्हणे, "भाकर शिळी राहे त्याचं काही नाही रे बाबू. पण ते वरून पडे ना, ते मले आजूनही आयकू येते."

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला हेच बजावले होते, की उष्टे-शिळे मागून खाणे सोडा. आमच्या घरची टोपली मात्र सुटली ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, आणि आजीने टोपली चुलीत घातली. म्हणून आमच्या घरात पसरलेला हात कोणाला पाहवत नाही. आणि इथे तर खुद्द बुद्धाचा संघ हात पसरून चाललेला!

लाओसच्या राज्यकर्त्यांनाही हे एकदा खटकले होते. १९७५ साली राजेशाही गेली, नवे सरकार आले. आणि भिक्खूंनी स्वतः कष्ट करून खावे म्हणून पुढच्याच वर्षी भिक्षा घालण्यावर बंदी आली. लोकांना ती मुळीच मानवली नाही, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. देण्याचा हक्कही माणसाला इतका प्यारा असतो, हे आमच्या वस्तीला कळायला कधी वावच नव्हता.

रांगेच्या शेवटी मला आणखी एक गोष्ट दिसली. गरिबाघरची तीन-चार पोरे टोपल्या पुढे ठेवून बसली होती. जाता जाता भिक्खू आपल्या पात्रातला भात, कोणी एखादा केळीच्या पानातला गोड पदार्थ, वाकून त्या टोपल्यांत ठेवीत होते. ठेवीत होते, टाकीत नव्हते. आता मिळालेले पुढे सरकत होते, एवढेच.

आमच्या वऱ्हाडालाही हे अगदीच परके नाही. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, हातात फुटके गाडगे घेऊन याच मुलखात हिंडले. पण आधी खराटा आणि मग भाकरी, हा त्यांचा कायदा. गाव झाडल्याखेरीज घास नाही. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. बाबासाहेबांच्या मागोमाग, चौदा दिवसांनी. टोपली, पात्र आणि गाडगे या तिन्हींत पडते ती भाकरीच. पण एक माणसाला वाकवते, दुसरे देणाऱ्याला नमवते, तिसरे आधी कामाला लावते. लाज हात पसरण्यात नसते. भाकरी किती उंचीवरून पडते, त्यात असते.

यंदाच्या वर्षावासात गावच्या विहारात भंतेजी होते. भोजनदानाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आत्याने भाकरी आणि भाजीचे ताट दोन्ही हातांनी धरले, दुखऱ्या गुडघ्यांवर हळूच बसली, आणि भंतेजींच्या पुढ्यात ते असे टेकवले की आवाज झाला नाही.