चिऊ, केस निम्मे कमी कर

प्रिय चिऊ,



तू बांधलेल्या ‘क्लाउझर डीप मिनो’ फ्लायचा, म्हणजे मासे पकडायच्या त्या खोट्या आमिषाचा, फोटो पाहिला. डोळे घट्ट बसलेत, गाठही नेटकी आलीय. फक्त केस निम्मे कमी कर. भर घालायचा मोह होतो, कारण फ्लाय आपण बांधायच्या शिकंज्यात, व्हाइसमध्ये, कोरडी बघतो. मासा ती तशी कधीच बघत नाही.

सस्क्वेहानाच्या काठी राहायला गेली आहेस, तर ही फ्लाय तिथलीच बरं का. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात याच नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशांसाठी ती बांधली. लेफ्टी क्रे यांनी तिच्यावर लिहिलं आणि ती जगभर पोहोचली. सामान मोजकंच: गळ, धागा, डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे, हरणाच्या शेपटीचे केस आणि थोडी चमकी.

सगळी करामत डोळ्यांची. ते गळाच्या दांडीवर वरच्या अंगाला बांधतो, म्हणून त्यांच्या वजनाने पाण्यात गळ उलटा होतो. टोक वर राहतं आणि तळच्या खडकांत कमी अडकतं. त्यामुळेच पांढरे केस डोळ्यांच्या बाजूला बांधायचे आणि पोपटी टोकाच्या बाजूला. उलटल्यावर पोट फिकं, पाठ गडद. छोट्या माशांची असते तशीच.

डोळे नेढ्याला चिकटवू नकोस, पुढे दांडीचा तिसरा हिस्सा मोकळा ठेव. शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, धागा आवळला की पिंजारतात, टोकाकडचे घे. काडेपेटीतल्या काडीएवढी बट पुरे. त्यातले आखूड, मऊ केस आधी विंचरून काढ. लांबी गळाच्या दुप्पट-अडीचपट. टोकं कात्रीने सरळ कापायची नाहीत, निमुळती शेपटी जाते.

दोर ओढलास की ही फ्लाय पुढे झेपावते; हात थांबला की नाक खाली करून बुडते. बास पुष्कळदा त्या बुडण्यातच ती घेतो. दाट केस नेमकं तेच बुडणं मंदावतात.

पुढची बांधलीस की उजेडासमोर धर. केसांतून पलीकडचं दिसलं, तर जमली. नाही दिसलं, तर ब्लेडने धागा काप आणि पुन्हा बांध. गळ आणि डोळे कुठे वाया जात नाहीत.

तुझी,
आत्या