खडूचा समुद्र

देशाच्या मध्यभागी राहण्याचे फायदे पुष्कळ आहेत. तोटा एकच, सगळ्या कडा सारख्याच लांब पडतात. आम्हां नागपूरकरांच्या वाट्याला झिरो माईलचा खांब आला आणि समुद्र गेला. पाहुण्याला अथांग पाणी दाखवायचं म्हणून आम्ही त्याला संध्याकाळी फुटाळ्यावर नेतो, भुट्टा खाऊ घालतो आणि पलीकडचा काठ दिसलाच, तर विषय बदलतो.

अशा या गावात माझ्या आत्यानं ३२ वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं निळ्या खडूनं. तिच्या हाताखालची पोरं जहाजांवर अधिकारी झाली, पण अठ्ठ्याहत्तरी गाठेपर्यंत तिनं स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. आधी भावंडांची शिक्षणं, मग आजीचं आजारपण, मग गुडघे. समुद्राचा नंबर काही लागत नव्हता.

तो लागला शेजाऱ्यांच्या मुलामुळे. हा अमेरिकेत असतो. मेक्सिकोला जाऊन आला होता. त्यानं मोबाइलवर टुलुमचे फोटो दाखवले. समुद्रकाठच्या कड्यावर माया लोकांचं जुनं नगर, खाली निळंशार पाणी, वाळूत अंडी घालायला येणारी कासवं. आत्यानं चष्मा पुसून एकूण एक फोटो पाहिले आणि विचारलं, “आणि हे पाहायले इतक्या लांब काऊन गेला रे बाप्पा? कासव आपल्या रत्नागिरीले येते. आणि तिथली चित्रं तर तुह्या मायांच्या कितीतरी आधीची आहेत.”

टुलुम भरभराटीला आलं ते तेराव्या शतकानंतर, हे तिला पाठ होतं. पोरगा गप्प झाला. मग तिनं मोहरा माझ्याकडे वळवला, “तू केव्हा नेतो?”

फेब्रुवारीत निघालो. कोकण रेल्वेच्या प्रत्येक बोगद्यात आत्या सह्याद्रीचा एकेक परिच्छेद सांगायची आणि उजेड आला की थांबायची. वरच्या बर्थवरचा तरुण आधी वैतागला, तिसऱ्या बोगद्यात उतरून खाली बसला आणि पाचव्यापासून शंका विचारू लागला.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं माळरान. वाटाड्या म्हणाला, “हत्ती तुमच्या पायाशी आहे.” खाली पाहिलं तर नुसत्या रेघा. सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती जमिनीवर उभं राहून दिसावा कसा? त्याच्या भोवतीनं चालत जावं, तेव्हा कुठे सोंड कळते, पाय कळतात, आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी मासे-प्राणी एकेक करून वर येतात. कोकणातल्या अशा कातळशिल्पांमध्ये शेतीचा मागमूस नाही. म्हणून ती शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत, कदाचित दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची, असा अभ्यासकांचा अंदाज. सुधीर रिसबूड, मनोज मराठे अशा मंडळींनी गावोगाव विचारत, सडे तुडवत ती शोधली. २०२२ साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीतल्या नावानं दगड वाचत नाही. सड्यावर चिऱ्याच्या खाणी निघतात, रस्ते जातात. एका ट्रॅक्टरच्या फेरीत हत्तीचा पाय मोडू शकतो.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एवढं मोठं चित्र वरून न बघता काढलं म्हणजे, पूर्ण चित्र आधी डोक्यात होतं.” एका फळ्यावरच्या माणसानं दुसऱ्याला दिलेली ही दाद होती.

संध्याकाळी गावखडीचा किनारा. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली सुरू केलेलं कासवांचं काम आता किनाऱ्यावर ठिकठिकाणी चालतं. एरवी माणसं आणि कोल्हेकुत्री फस्त करत ती अंडी कुंपणात जपायची आणि पन्नासेक दिवसांनी निघालेली पिल्लं पाण्यापासून थोडी दूर सोडायची. उचलून पाण्यात टाकायची नाहीत. चालायचं त्यांनीच. तळहाताएवढंही नसलेलं एक पिल्लू उलटं, आमच्या दिशेनं निघालं. आत्या कंबरेत वाकून म्हणाली, “तिकडे नाही बाळा. पश्चिमेले.”

ते वळलं. विद्यार्थी ऐकतो तर.

सगळी पिल्लं गेल्यावर आत्या माझा हात सोडून घोटाभर पाण्यात गेली. तिथं उभी राहिली, पदरानं डोळे टिपले, वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“खारटच आहे.” तिनं सुस्कारा टाकला. “नाहीतर ३२ वर्षांच्या वह्या परत तपासाव्या लागल्या असत्या.”

रात्री जेवताना घरमालकांनी चौकशी केली, “काकू, नागपुरात वाघ रस्त्यावर फिरतात म्हणे? आणि जुनं असं काय आहे तुमच्याकडे?” वाघांचं तिनं हसण्यावारी नेलं. जुन्याचं मात्र तासभर चाललं. काटोल रोडच्या बाजूला जुनापाणी, तिथली सुमारे ३०० शिळावर्तुळं, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेले ते दगड. बिचाऱ्यांची सोलकढी वाटीतच राहिली.

नागपूरला परतल्यावर शेजारचा मुलगा आत्याचे फोटो पाहायला आला. तो अमेरिकेला परत जायला अजून दहा दिवस होते. आत्यानं फोटो दाखवलेच नाहीत.

“रविवारी सकाळी सहाले तयार राहा,” ती म्हणाली. “जुनापाणीले जायचं आहे. टोपी आण. आणि वही.”