टार्गेट आणि आवणी

मंगळवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

भाचा घोटीहून भिजून आला. बॅगेतले फॉर्म काढून त्याने दोरीवर वाळत घातले. विमा विकायची नोकरी, तिसरा महिना. सकाळीच मेल आला होता : टार्गेट अपुरं, उद्यापासून येऊ नका. भरलेला फॉर्म एकच, त्यावर सही माझी.

जून ते ऑगस्ट हा त्याचा अजमावणीचा काळ. इकडे तेव्हा भाताच्या आवणीची धांदल. पोटरीभर चिखलात वाकलेल्या माणसाला हप्ता कसा समजवायचा? त्याच्या हातात पैसा येणार तो भात निघाल्यावर. आकडा ठरवणाऱ्याने कधी ढेकूळही तुडवलं नसावं. टार्गेट नकोच, असं मी म्हणत नाही; पगार द्यायचा तर धंदा हवाच. पण दहा वर्षं मुरलेल्याला आणि काल आलेल्याला एकच आकडा?

आपल्या घाटाला 37 ला 1 चढण. कसाऱ्याला बहुतेक रेल्वेगाड्यांना ढकलायला बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीत सुटतात. चढ संपेपर्यंत सोडत नाहीत. नवख्या माणसाला मात्र चढावरच सोडलं.

कायद्याचंही अजबच. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली ठरवलं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांना कामगारांत घेतलं. भाचा त्यात बसतो का, उद्या वकिलाला विचारीन.

“मामा, तुझा हप्ता मात्र चुकवू नकोस,” झोपताना म्हणाला. फॉर्म अजून ओलेच आहेत.