टेकू

गेल्या खरिपात भाच्याचा फोन आला. "मामू, रायफलीला बायपॉड घ्यायचाय. कोणता घेऊ?"

त्याचं शेत पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर आहे. तिथं मका आणि भुईमूग होता. दोन रात्रींत रानडुकरांनी अर्धा एकर नांगरल्यासारखा करून टाकला. पंचनामा झाला, वनखात्याची लेखी परवानगीही मिळाली. रायफल घरचीच, आजोबांची ३१५ बोअरची, वजनाला हलकी. परवाना रीतसर त्याच्या नावावर झालेला.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. परवानगी शेत वाचवायला असते, शौकाला नाही. १९७२ साली मराठवाड्यात दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने बंदच झाले. आता पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरासाठी अधिकारी लेखी हुकूम देतो, तेवढाच. शिवाय डुक्कर आपण खात नाही. मग या पोराला फिल्मी सामान कशाला हवं?

पण आजोबांचा टेकू आठवला आणि गप्प बसलो.

बाभळीच्या दोन काठ्या, वरच्या टोकाशी चामड्याच्या वादीनं बांधलेल्या. फाकवल्या की कात्री व्हायची, तिच्यात बंदूक ठेवायची. आजोबा ज्वारीच्या राखणीला जाताना बंदूक अब्बांकडे द्यायचे आणि काठ्या स्वतः घ्यायचे. अब्बांनी सांगितलेली गोष्ट अशी. एका रात्री ताटांच्या कडेला काहीतरी काळं, बुटकं हललं. अब्बा कुजबुजले, "मारा." आजोबांनी बंदूक टेकवली आणि नुसतं बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ते काळं उभं राहिलं आणि खोकललं. घोंगडी पांघरून बसलेला धनगर होता, चुकलेली मेंढी शोधत आलेला. सकाळी तो आमच्या आखाड्यावर चहा पिऊन गेला. त्याला आजोबांनी काहीच सांगितलं नाही. अब्बांना मात्र एवढंच म्हणाले, की बंदूक हातात असती तर हात भरून आला असता, आणि हात भरून आला की बोट घाई करतं.

म्हणून भाच्याला म्हणालो, घे, पण बघून घे.

बायपॉड म्हणजे रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या पुढच्या टोकाखाली बसवायचे दोन घडीचे पाय. दुकानदार आधी सहा ते नऊ इंची दाखवतो, कारण तो पोटावर झोपून मारणाऱ्यासाठी असतो. आपल्या रानात झोपलास तर समोर फक्त भुईमुगाचा पाला दिसेल. बसून मारायचं तर पाय दोन फुटांच्या आसपास उंच व्हायला हवेत. पण उंच बायपॉड जड असतो. हलक्या रायफलीला पुढे वजन लागलं की ती चालताना नाक खाली घालते. नळीला चिमट्यासारखा अडकणारा स्वस्त प्रकार घेऊ नकोस, नळीवर दाब आला की गोळी जागा सोडते. बांध कधी सपाट नसतो, म्हणून डावी-उजवीकडे कलणारा असावा. काळ्या ओल्या मातीत टोकदार पाय रुततात, रुंद रबरी बरे. आणि हलकी रायफल धक्क्याला उसळते, तेव्हा दस्ता खांद्याशी घट्ट ठेव.

एवढं ऐकून तो म्हणाला, "मामू, मग आजोबांच्या काठ्याच काय वाईट?"

वाईट काहीच नव्हत्या. बसण्याच्या उंचीच्या, वजनाला नगण्य, आणि बंदुकीला कायमच्या जोडलेल्या नाहीत. माळ्यावरून काढल्या. वादी वाळून तुटली होती, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. बायपॉडचे पैसे वाचले.

पहिल्या रात्री मी सोबत होतो. अकराच्या सुमारास डुकरं आली, चार मोठी आणि पिलं. रायफल काठ्यांवर स्थिर होती. भाचा बघत राहिला आणि त्यानं गोळी झाडली नाही. डुकरांच्या मागे, सरळ रेषेत, शेजाऱ्याचा आखाडा होता. रायफलीची गोळी छऱ्यासारखी जवळ पडत नाही, चुकली तर मैलभरही जाते. डुकरं चरून गेली. सकाळी त्याच्या अम्मीनं विस्कटलेले वेल पाहिले आणि आमच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या रात्री जागा बदलली, पाठीशी टेकडीचा उतार येईल अशी. एक डुक्कर पडलं. वनखात्याला कळवलं, त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. भाच्याचा चेहरा उतरलेला होता. आनंद झाला असता तर मला काळजी वाटली असती.

आठवड्याभरात कळप ओढ्याच्या बाजूनं परत आला. यंदा तो झटका मशीन बसवतोय आणि त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय. रायफल कपाटात कुलपात आहे. काठ्या मात्र आखाड्याच्या दाराशी उभ्या असतात. परवा गेलो तेव्हा त्यांच्यावर त्याच्या अम्मीनं मिरच्यांची पिशवी अडकवली होती.