भिंतीवरच्या खिळ्याला नकार

रेडॉन मोजायचा डबा घेऊन घरात गेलं की घरचे आधी भिंतीवरचा खिळा दाखवतात. कॅलेंडरशेजारचा, नाहीतर पूर्वी घड्याळ होतं तो. टांगायची वस्तू भिंतीवर टांगायची, यात कुणाला काही विचार करावासा वाटत नाही. त्यामुळे 'नको, वाशाला बांधतो' म्हटलं की माणसं बुचकळ्यात पडतात. कोकणातल्या एका माजघरात स्टुलावर चढून वाशाला दोरी बांधत होतो, तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, "अरे, लिंबू-मिरची दारात बांधतात. माजघरात कसली बांधतोस?"

आजींना तेव्हा जमेल तेवढं सांगितलं. पण या कामातली निम्मी विश्वासार्हता त्या खिळ्याला नकार देण्यातच आहे, असं माझं मत आहे.

जांभा, माती, वीट, सिमेंट, सगळ्यांत थोडं युरेनियम आणि थोडं थोरियम असतंच. युरेनियमच्या साखळीत रेडियम येतं आणि त्यातून किरणोत्सर्गी रेडॉन वायू सुटतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा. जमिनीतून फटींवाटे वर यायला आणि खोलीभर मिसळायला त्याला भरपूर वेळ मिळतो. थोरियमच्या साखळीतून सुटतो तो रेडॉनचाच भाऊ, थोरॉन, आणि त्याचा अर्धायुकाल जेमतेम ५५.६ सेकंदांचा. भिंतीतून बाहेर पडून खोलीच्या मध्यापर्यंत पोचण्याआधीच तो बहुतेक संपलेला असतो. भिंतीलगत दाट, हातभर अंतरावर विरळ, असा त्याचा पसारा. खिळ्याला लटकवलेला साधा डबा म्हणूनच खोलीचा रेडॉन कमी आणि भिंतीचा थोरॉन जास्त सांगतो. अल्फा कण दोन्हींतून निघतात आणि साध्या डब्यातल्या फिल्मला त्यांतला फरक कळत नाही. चीनमधल्या लोएस मातीत कोरलेल्या गुहाघरांत दोन्ही वायू वेगवेगळे मोजले गेले, तेव्हा थोरॉनचं प्रमाण रेडॉनहून जास्त भरलं. केवळ साध्या डब्यावर विसंबलं असतं, तर तो सगळा रेडॉनच्या नावावर जमा झाला असता. (भिंतीला चिकटून अंथरूण टाकणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोरॉन मोजायलाच हवा, पण तो मुद्दाम, वेगळा.)

हा वेगळेपणा सांभाळणारा डबा आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडला. त्यात दोन कप्पे, मध्ये एक चकती, चकतीला चार भोकं, प्रत्येक भोक एक मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर लांब. हवा एकाच तोंडाने, काचतंतूंच्या गाळणीतून आत येते. त्या गाळणीत हवेतली धूळ आणि तिच्यावर बसलेली रेडॉनची अपत्यं, म्हणजे त्याच्या क्षयातून झालेली मूलद्रव्यं, अडकतात. पहिल्या कप्प्यात दोन्ही वायू पोचतात. चार भोकांतून हळूहळू झिरपून दुसऱ्या कप्प्यापर्यंत जायला थोरॉनला आयुष्य पुरत नाही. दोन कप्प्यांच्या फरकातून थोरॉन निघतो. मात्र वजाबाकीत दोन्ही बाजूंच्या त्रुटी एकत्र येतात, म्हणून थोरॉनच्या आकड्याकडे मी नेहमी जरा साशंकतेनेच पाहतो.

कप्प्यांत फिल्म असते, लाल रंगाची, सेल्युलोज नायट्रेटची, १२ मायक्रॉन जाडीची. अल्फा कण तिच्यात शिरला की रेणूंची मोडतोड होऊन एक अदृश्य वाट उरते. ती दिसती करायला फिल्म २.५ नॉर्मल कॉस्टिक सोड्यात, ६० अंश सेल्सिअसला, ९० मिनिटं ठेवायची, तीही न ढवळता. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणाही इथेच होतो. पाणी जरा जास्त तापलं की फिल्म जास्त झिजते आणि एरवी अर्धवट राहिलेल्या वाटासुद्धा आरपार होतात. कमी तापलं तर खऱ्या वाटाही बंदच राहतात. म्हणून फिल्म काढल्यावर तिची उरलेली जाडी मोजल्याशिवाय मी भोकांकडे वळत नाही. मग ती पॉलिएस्टरच्या पाठीवरून सोलायची आणि ठिणगीच्या मोजणीयंत्रात ठेवायची. आधी ९०० व्होल्टला एक फेरी, ती अर्धवट भोकं उघडायला. खरी मोजणी ५०० व्होल्टला. दरेक भोकातून ठिणगी उडते, वरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर तेवढा ठिपका जळतो, आणि जळलेल्या जागी पुन्हा ठिणगी पडत नाही. एक भोक दोनदा मोजलं जायची भीती त्यामुळे उरत नाही. हे यंत्र ज्याने पहिल्यांदा जुळवलं त्याला मनातल्या मनात दाद दिल्याशिवाय मला राहवत नाही.

लोकांना वाटतं, मोठा आकडा मोजणं अवघड. असतं उलट. या डब्यात घनमीटरला एक बेक्वेरेल (म्हणजे सेकंदाला एक क्षय) रेडॉन असेल, तर फिल्मच्या दर चौरस सेंटिमीटरवर दिवसाला सुमारे ०.०१७ भोकं पडतात. ५० बेक्वेरेलच्या घरात तीन महिन्यांत चौरस सेंटिमीटरमागे साधारण ७६ भोकं होतात आणि मोजणीतली अनिश्चितता ११ टक्क्यांच्या आसपास राहते. १५ बेक्वेरेलच्या घरात भोकं जेमतेम २३ आणि अनिश्चितता २० टक्क्यांच्या वर. शिवाय फिल्मवर पार्श्वभूमीची भोकं आधीपासून असतातच. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, त्यामुळे तिथल्या घरांबद्दल 'काही नाही, निर्धास्त राहा' असं खात्रीने म्हणायलाच सगळ्यात जास्त कष्ट पडतात. ही पार्श्वभूमी कळावी म्हणून डब्यांतल्या फिल्म्स ज्या शीटमधून कापल्या, त्याच शीटमधल्या काही फिल्म्स मी सीलबंद पाकिटात ठेवतो. त्या आमच्याबरोबर एसटीने जातात, परत येतात आणि त्याच सोड्यात शिजतात. त्यांच्यावर जी भोकं सापडतील ती वजा करायची. काही घरांत दोन डबे शेजारी शेजारी टांगायचे. त्यांचे आकडे जुळले नाहीत तर तो दिवस वाईट जातो, पण दुसरा डबा टांगायचा तो याचसाठी.

वेळेचं गणित आणखी वेगळं. बंद घरात रेडॉन पहाटे चढतो आणि दारं उघडली की उतरतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीतून वायूला वाट कमी मिळते, पण घरही बंद असतं. यांतलं काय भारी पडेल ते घर पाहूनच कळतं. म्हणून वर्षाचे चार तुकडे करून चार वेळा डबे बदलावे लागतात. तासाभरात आकडा दाखवणारे डिजिटल मीटर आता मिळतात. वायू कोणत्या फटीतून येतोय ते शोधायला मी ते आनंदाने वापरतो. घराचा निवाडा मात्र त्यावर करत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं विद्यार्थी विचारतात. मी त्यांना २००५ सालचा युरोपातला अभ्यास दाखवतो. ९ देशांतल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून त्यात पाहिलं होतं की घरातल्या रेडॉनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका किती वाढतो. सरळ हिशेबात घनमीटरला दर १०० बेक्वेरेलमागे वाढ निघाली ८.४ टक्के. मग रेडॉनच्या मोजणीतली अनिश्चितता हिशेबात धरली, आणि आकडा झाला १६ टक्के. कारण साधं आहे. मोजणी ढिली असली की जास्त रेडॉनची काही घरं कमीच्या गटात जातात, कमीची जास्तच्या गटात, आणि दोन गटांतला फरक पुसट होतो. ढिसाळ मोजणी कुणाच्याच बाजूची नसते असं आपण समजतो, पण ती बहुतेकदा धोक्याला लहान करून दाखवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घनमीटरला १०० बेक्वेरेल ही पातळी सुचवली. तिथवर आणणं जमत नसेल तर ३०० च्या वर तरी जाऊ नये, असंही म्हटलं. अहवाल द्यायला गेलो की लोकांना या दोन आकड्यांच्या पुढे-मागे एक सुटा आकडा हवा असतो. एका गुरुजींच्या कागदावर मी '३५ ± ८' लिहिलं, तर म्हणाले, "म्हणजे नक्की किती? सत्तावीस की त्रेचाळीस?" म्हटलं, गुरुजी, कुठलाही धरा, खिडक्या उघडताय तशाच उघडत राहा. पण ज्या घराचा कागद '९५ ± १५' म्हणतो, तिथे मी काहीच ठरवत नाही. आणखी वर्षभरासाठी डबे पुन्हा टांगतो, आणि तोवर जमिनीच्या भेगा बुजवून घ्यायला सांगून ठेवतो.